पाच बटणं आणि पाचावर धारण

भित्र्या माणसाजवळ किस्से जास्त साठतात, असं माझं पक्कं मत आहे. शूर माणूस प्रसंगाला भिडतो आणि विसरून जातो. आमच्यासारखे लोक त्या वेळी तोंड मिटून उभे राहतात आणि मग आयुष्यभर तेच सांगत सुटतात! आजही चार मित्र जमले, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "ते विशाच्या यंत्राचं सांग ना." एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागं दुसरा येतो, आणि चहा निवून जातो.

काळ नव्वदीच्या शेवटचा. बीडमध्ये घराघरांवर केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, पानटपरीवर परदेशी थंड पेयांचे फ्रीज आले होते, आणि मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. गाणी वाजवायच्या एका व्हिडिओ गेमचं परीक्षण लिहायचं, एवढंच माझं काम होतं. त्या एका परीक्षणापायी अर्ध्या बाजाराची गाळण उडाली.

*

आमचे संपादक म्हणजे काका. सगळं बीड त्यांना काकाच म्हणायचं. एकदा ते पुण्याला गेले आणि तिथल्या इंग्रजी पेपरची पुरवणी घेऊन आले. तिच्यात व्हिडिओ गेमचं परीक्षण होतं आणि शेजारी चांदण्या छापलेल्या होत्या. चांगल्या गेमला पाच, टाकाऊला एक.

"हे आपल्या युवा पानावर पाहिजे!" काका म्हणाले.

"पण काका, आपल्याकडं गेम कुठंयत?"

"विशाकडं आलाय ना नवा, डीजेचा. बोला, कोण लिहितंय?"

सगळे खाली बघायला लागले. कारण परीक्षण म्हटलं की आम्हाला आमचा वार्ताहर नवनाथ आठवायचा. त्यानं एका ऑर्केस्ट्राबद्दल लिहिलं होतं, "गायकाचा सूर सुटला." दुसऱ्या दिवशी गायक जीपमध्ये आपले भाऊ घालून ऑफिसात हजर! नवनाथला कुणी बोट लावलं नाही. त्याला खुर्चीत बसवलं, भाऊ दाराला उभे राहिले, आणि गायकानं ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

"सुटला का सूर?"

घाबरलेला नवनाथ म्हणाला, "परत एकदा म्हणा." वेड्याला खरंच नीट ऐकायचं होतं!

त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर खुलासा आला : 'गायकाचा सूर सुटलेला नव्हता. आमच्या प्रतिनिधीचे कान सुटले होते.'

तर काकांनी विचारलं तसा मी पाणी प्यायला बाहेर सटकलो. परत आलो तर परीक्षण माझ्या गळ्यात पडलेलं होतं.

*

विशा म्हणजे विश्वनाथ, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या वडिलांचं, मन्मथअप्पांचं, मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ किराणा दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी. अप्पांनी कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. ते फक्त चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागायचे. मग समोर हमाल असो की मोठा अधिकारी, आपलं काय चुकलं ते तो मनातल्या मनात आठवायला लागायचा.

दुकानामागच्या गोदामात विशानं गेम पार्लर काढलं होतं. मधे नुसती पत्र्याची भिंत. पुण्याच्या कुठल्याशा बंद पडलेल्या पार्लरमधून त्यानं हे यंत्र आणलं. कपाटाएवढं धूड, वर पडदा, खाली पाच बटणं आणि बाजूला रेकॉर्डसारखी एक तबकडी. पडद्यावर वरून पट्ट्या पडायच्या. पट्टी रेषेला टेकली की बटण दाबायचं, मधेच तबकडी पुढं-मागं घासायची, आणि दोन गाणी एकमेकांत मिसळत न्यायची. जमलं तर स्पीकरमधून हजारो लोकांच्या टाळ्या. चुकलं तर हजारो लोकांची हुर्यो!

अप्पा यंत्रासमोर येऊन उभे राहिले.

"काय करतंय हे?"

"गाणी मिसळतंय, अप्पा. ह्येच्यातलं त्येच्यात."

"आपल्या दुकानात भेसळ चालत न्हाई."

मग अप्पा माझ्याकडं वळले. छापील अक्षरावर त्यांचा भारी विश्वास. तुरीचा भावसुद्धा पेपरात आला तरच खरा मानायचे.

"तुमच्या पेपरात ह्येचं येणार हाय म्हणं. चांगलं आलं तर ठिवू. न्हाई आलं तर यंत्र भंगारात, आन् हा विशा मामाच्या गावाला, युसूफ वडगावला, त्येच्या कापडाच्या दुकानात. बसंल कापडं फाडत."

एवढं बोलून ते गेले. विशा माझ्याकडं बघत राहिला. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. खेळ टाकाऊ निघाला आणि खोटं लिहावं तर अप्पांची भीती, खरं लिहावं तर मित्र जातो!

*

यंत्राची सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती लतीफभाईंनी. लतीफभाई बँडवाले. बीडमधल्या निम्म्या वरातींत त्यांचं क्लॅरोनेट वाजलेलं. ऐन उन्हाळ्यात तोंडाला मफलर गुंडाळून ते पार्लरमध्ये आले. सगळ्यांनी ओळखलं, बोललं कुणी नाही. त्यांनी यंत्राला चारी बाजूंनी न्याहाळलं, वाकून मागंही पाहिलं.

"मियाँ, ये साँस कां से लेता?"

"लतीफभाई, मशीन आहे. याला श्वास लागत नाही," मी म्हणालो.

"वोइच तो डर हय. जो थकताच नै, उसके सामने अपन क्या टिकते?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं. विशानं आग्रह करून त्यांना खेळायला लावलं. पहिलं बटण चुकलं, दुसरं चुकलं, आणि यंत्रातल्या गर्दीनं त्यांची हुर्यो उडवली. जन्मभर शिट्ट्या-टाळ्या ऐकलेला माणूस! लतीफभाईंनी हात मागं घेतला, यंत्राला अदबीनं सलाम केला आणि निघून गेले.

पुढच्या वरातीत नवरदेव घोड्यावर चढला तरी बँड सुरूच होईना. नवरदेवाचे मामा धावत पुढं गेले, तर लतीफभाई क्लॅरोनेट छातीशी धरून उभे.

"बजाता साब, बजाता. पर गलत हुवा तो तुम लोगां हुर्यो तो नै करते ना?"

*

एका दुपारी पार्लरमध्ये मी आणि विशा दोघंच होतो. परीक्षण लिहायचं म्हणजे खेळून बघायला हवं, म्हणून मी खेळत होतो. इतका वाईट खेळत होतो की हुर्यो थांबतच नव्हती. विशानं आदल्याच दिवशी नवे दणदणीत स्पीकर जोडलेले, आणि गोदामाची खिडकी सताड उघडी.

बाहेर काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. गल्लीतल्या चहावाल्याला कुठूनतरी जमावाचा आरडाओरडा ऐकू आला. त्यानं स्टोव्ह विझवला आणि शटर ओढलं. त्याचं बघून भांडीवाल्यानं ओढलं.

"काय झालं?"

"म्हाईत न्हाई, पण लई लोक हायती!"

ही शटरं पडलेली ऐकून पुढच्या गल्लीतली पडली. बायकांनी पोरं आत ओढली. नेकनूरची बस स्टँडाबाहेर निघाली होती, ती ड्रायव्हरनं पुन्हा आत घेतली. कुणी काही पाहिलं होतं का? काहीसुद्धा नाही! पण त्या दिवसांत भ्यायला काही दिसावंच लागायचं असं नव्हतं.

अख्ख्या बाजारात एकच दुकान उघडं राहिलं, अप्पांचं. "गिऱ्हाईक उभं हाय तवर शटर पडत न्हाई," म्हणाले आणि डाळ जोखत राहिले.

शेवटी एक हवालदार काठी घेऊन गोदामाच्या दाराशी आला. लांबूनच ओरडला, "आत किती जण हायती?"

"दोघं!"

"खोटं बोलतो का बे! हजार माणूस वरडतंय!"

त्यानं काठीच्या टोकानं दार ढकललं. मी तबकडीवर हात ठेवून गोठलो होतो. यंत्र बोंबलतच होतं. हवालदारानं कोपरे पाहिले, छत पाहिलं. एवढी माणसं ऐकू येतात आणि दिसत नाहीत, हे बघून त्याच्या कपाळाला घाम फुटला. घसा खाकरून तो म्हणाला, "आधी... आधी जमाव पांगवा!"

विशानं बटण बंद केलं. जमाव पांगला.

*

बिरू पाली गावचा. घरची मेंढरं, थोडी शेती. बाजाराला आला की आमच्यात येऊन बसायचा. रानात मेंढरांच्या कडेला एकटा झोपणारा, लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावणारा माणूस. तो यंत्रासमोर उभा राहिला, पडदा पाहिला आणि तबकडीवरचा हात त्यानं मागं घेतला.

"कावून बे?" विशानं विचारलं.

"उलटं फिरवाया लावतंय. जातं कुणी उलटं फिरवतं का? घरावर येतं त्ये."

बोलून तो मेंढरांमागं निघून गेला, पण त्याचं वाक्य गल्लीत राहिलं. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोरगं नापास झालं, कुणाच्या सुनेचं भांडण झालं. सगळं यंत्राच्या माथी! आयांनी पोरांना पार्लरकडं फिरकू देणं बंद केलं.

विशा रडकुंडीला आला आणि त्यांच्या लिंगायत घरच्या पुजाऱ्याला, जंगम स्वामींना, घेऊन आला. त्यांच्यात नव्या वजनकाट्याला, नव्या गाडीला भस्म लावायची रीत. यंत्राचं तेवढं राहून गेलं होतं. स्वामींनी तबकडीवर तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढले. चांगले सढळ हातानं! भस्म फटीतून आत गेलं, आत काय अडकलं देव जाणे, आणि यंत्राची हुर्योच बंद झाली. बटण दाबा, दाबू नका, टाळ्या! नुसतं समोर उभं राहून जांभई दिली तरी टाळ्या!

"गुण आला, गुण आला," गल्ली म्हणायला लागली. आया स्वतः पोरांना घेऊन यायला लागल्या. बिरूही आला, जपून सुलटीकडूनच तबकडी फिरवली, टाळ्या घेतल्या आणि म्हणाला, "आता निवळलं बगा."

यंत्र धड होतं तेव्हा लोक पळत होते, बिघडल्यावर रांग लागली! मी म्हटलं, विशा, राहू दे असंच, मी लगेच पाच चांदण्या देतो. पण विशा ब्रश घेऊन भस्म काढायला बसला.

"खोट्या टाळ्या इकल्या तर अप्पा जित्ता ठिवायचे न्हाईत," तो म्हणाला.

*

काकांना परीक्षणाची हवा करायची होती. 'येत्या शुक्रवारी वाचा!' अशी चौकट टाकायची, वर विशाचा हसरा फोटो आणि भोवती चांदण्या. पण आमच्या कंपोझिंगच्या कॉम्प्युटरमध्ये चांदणीच नव्हती. ऑपरेटरनं तिच्या जवळचं जे मिळालं ते टाकलं : बारीक फुलं. तीच फुलं रोज निधन वार्तांच्या कडेला जायची. आणि चौकटीला जागा मिळाली ती दुसऱ्या पानावर, श्रद्धांजल्यांच्या शेजारी.

दुपारी युसूफ वडगावहून जीप आली. गल्लीच्या तोंडापासूनच रडणं सुरू. पुढं विशाचे मामा डोक्याला पांढरा रुमाल बांधून, मागं मामी आणि चार बायका तोंडाला पदर लावून.

रडणं ऐकून पार्लरमधून विशाच पळत बाहेर आला.

"मामा, कोण गेलं हो?"

मामी किंचाळली आणि जीपला टेकली. मामा जागच्या जागी थिजले. मग हळूहळू पुढं आले, विशाच्या खांद्याला हात लावला, गालाला लावला. गाल गरम आहे असं कळल्यावर त्याच गालावर सणसणीत ठेवून दिली.

"जित्ता हाईस तर कळवाया काय झालतं बे!"

अप्पा दुकानाच्या दारात उभे होते. एका हातात आमचा पेपर होता, दुसऱ्या हातात काढलेला चष्मा. मी मागच्या मागं सटकलो.

*

आता सगळ्यात शेवटचा.

पान छापायला जायचा दिवस उजाडला. मी मजकूर लिहिला होता, चांदण्यांची जागा कोरी होती. "काका, माझ्या एकट्याच्या नावावर नको," मी हात जोडले. काकाही मनातून टरकलेलेच. म्हणाले, "मंडळ नेमू." मंडळ म्हणजे काका, लतीफभाई आणि बिरू. मी लिहिणारा. दुपारी आम्ही पार्लरमध्ये यंत्रासमोर बसलो. विशा कोपऱ्यात नखं खात उभा.

पत्र्याच्या पलीकडं अप्पा. काट्यावर वजन ठेवल्याचा खण्ण आवाज आला तरी लतीफभाई दचकायचे. जे बोलू ते पलीकडं ऐकू जाणार. खेळ वाईट म्हणावं तर विशा समोर उभा. चांगला म्हणावं आणि पुढं खोटं ठरलं तर अप्पांना तोंड कोण देणार?

बिरूनं खांद्यावरचं उपरणं काढलं. "नेकनूरच्या बाजारावानी करू," तो पुटपुटला.

नेकनूरच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात. बोटं धरून भाव सांगायचा, बोटं धरूनच उत्तर द्यायचं. भोवती कितीही माणसं उभी असोत, कुणाला पत्ता लागत नाही. आणि उपरण्याखालचं वर बोलायचं नाही.

"जितकी बोटं तितक्या चांदण्या," बिरू म्हणाला आणि उपरणं माझ्या हातावर टाकलं.

लतीफभाईंनी माझी दोन बोटं धरली, सोडली, तीन धरली, परत दोन. बिरूनं चार धरली, बैल पसंत पडल्यासारखी गच्च. काकांनी हात आत घातला, थोडा वेळ नुसताच ठेवला, एकही बोट न धरता बाहेर काढला आणि म्हणाले, "माझं झालं."

तेवढ्यात पलीकडचा काटा वाजायचा थांबला. भिंतीतल्या वाटेवरचा गोणपाटाचा पडदा सरकला आणि अप्पा आत आले.

"काय चाललंय?"

अप्पांनी माझ्या हातावरच्या उपरण्याकडं पाहिलं.

"बैल कुठंय?"

आम्ही सगळ्यांनी यंत्राकडं पाहिलं. विशानं मान खाली घातली.

अप्पा साखरेच्या पोत्यावर बसले. मी कसाबसा हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"तुजा न्हाई." मग विशाकडं न बघता म्हणाले, "हिकडं ये."

शाळेत असल्यापासून मी त्या घरात जात होतो. अप्पांनी विशाला जवळ बसवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. विशा येऊन पोत्याशेजारी खाली बसला. अप्पांनी त्याचा हात ओढून घेतला आणि स्वतःच दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं.

बाजारात हा व्यवहार डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतो. इथं हात बाहेर यायलाच तयार नव्हते. लतीफभाई ओठांतल्या ओठांत दुवा म्हणत होते. मला वाटलं, गेला विशा वडगावला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी अप्पांनी हात काढला. उपरणं झटकलं, नीट घडी करून बिरूला दिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. गोणपाटाच्या पडद्याशी जाऊन थांबले.

"गोदामाच्या भाईरच्या दाराला कुलूप मोठं लाव. असलं कुलूप कुणीबी तोडंल."

पडदा पडला. पलीकडं काटा पुन्हा वाजायला लागला.

आम्ही विशावर तुटून पडलो. काकांनी तर नियमबियम गुंडाळून ठेवला, खिशातलं पेन काढून तयार.

"किती? किती बोटं दिली?"

"बोटं न्हाई धरली. आख्खा हातच धरून बसले."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं बे?"

विशा आपल्या तळहाताकडं बघत होता.

"अप्पांचा हात थरथर कापायलता."